माहीत असूनही

म्यूलर-लायरची फळी ही मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतली बहुधा सगळ्यांत साधी वस्तू. तिच्यावर दोन आडव्या रेषा. एकीच्या टोकांना आत दुमडलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर फाकलेली पिसं. पिसांची रेषा सरकत्या पट्टीवर असते. ती पुढेमागे करत दोन्ही रेषा सारख्या दिसेपर्यंत आणायची, मग फळी उलटायची आणि मागच्या मोजपट्टीवर आपली चूक मिलिमीटरमध्ये वाचायची. एवढाच प्रयोग. फ्रान्झ म्यूलर-लायर या जर्मन मनोविकारतज्ज्ञानं ही आकृती १८८९ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हापासून मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या या फळीसमोर बसून गेल्या असतील, सांगता येणार नाही.

एक विद्यार्थी प्रयोगकर्ता होतो, दुसरा प्रयुक्त. प्रयुक्ताकडून पट्टी काही वेळा बाहेरून आत सरकवून घेतात, काही वेळा आतून बाहेर. सरकती रेषा कधी डावीकडे ठेवतात, कधी उजवीकडे. हाताला हालचालीची सवय असते, डाव्या-उजव्याचा कल असतो, आणि हे दोन्ही दोष चुकीत मिसळतात. ते एकमेकांविरुद्ध लावून खोडून काढले की उरते ती निव्वळ नजरेची फसगत. पिसांची रेषा लांब भासते, म्हणून जवळजवळ प्रत्येक जण ती खरोखरीच्या मापापेक्षा आखूड ठेवतो आणि खुशाल सांगतो, झाल्या सारख्या.

मग फळी उलटून चूक दाखवायची आणि म्हणायचं, आता कर. या वेळी त्याला सगळं माहीत असतं. आकृतीचं नाव, शोधाचं साल, चूक कुठल्या दिशेनं होते, किती होते. तरी तो पुन्हा तिथेच येतो. "सर, माहीत आहे न सारख्या आहेत, तरी हीच मोठी दिसून राहिली!" हे वाक्य दर वर्षी कुणीतरी म्हणतंच, आणि खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट पाहत असतो. दृक्‌संवेदनाच्या अभ्यासातली सगळ्यांत मोठी गोष्ट त्या वाक्यात आलेली असते. डोक्यातलं ज्ञान नजरेपर्यंत पोचत नाही. पाहण्याची यंत्रणा आपलं काम आपल्या पद्धतीनं करते आणि आपल्याला फक्त निकाल कळवते.

याला एक पुरवणी जोडायला हवी. चार्ल्स जड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९०२ मध्ये दाखवलं की हीच आकृती पुनःपुन्हा मापत राहिलं, तर भ्रम हळूहळू ओसरतो. म्हणजे नजर अगदीच शिकत नाही असं नाही. ती सांगून शिकत नाही, करून शिकते. आणि त्यासाठी तीच आकृती, त्याच जागी, शांतपणे, शेकडो वेळा समोर यावी लागते. अशी सवलत प्रयोगशाळेबाहेर सहसा कुणाला मिळत नाही.

आमच्याकडे या प्रयोगाची एक शोकांतिकाही होते. जर्नल पूर्ण करायचं असतं, परीक्षा तोंडावर असते आणि मागच्या वर्षीची कुणाचीतरी वही हाती लागते. असा आकडेवारीचा तक्ता लांबूनच ओळखू येतो. प्रत्येक चूक जवळपास तेवढीच आणि सरासरी कशी सुबक! माणसानं खरोखर सरकवलेल्या पट्टीचे आकडे उनाड असतात. मधेच एखादी नोंद उलट्या दिशेला जाते, एखादी फारच दूर पडते. मी विद्यार्थ्यांना म्हणतो, तुमच्या वहीत एकही विचित्र आकडा नसेल, तर तुम्ही फळीला हात लावलेला नाही. दोष त्यांचा एकट्यांचा नाही. हा प्रयोग आपण त्रैराशिकासारखा शिकवतो. सूत्र, तक्ता, निष्कर्ष, सही. त्यात थक्क व्हायला जागाच ठेवत नाही.

या फळीमागे घराणं मात्र थोर आहे. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला पहिली मानसशास्त्रीय प्रयोगशाळा काढली. हार्वर्डला ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली शिकून आलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्तांनी १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात हे शास्त्र भारतात रुजवलं. म्हैसूरला १९२४ मध्ये एम. व्ही. गोपालस्वामींनी विभाग उभा केला. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठानं १९५० मध्ये विभाग काढला तेव्हा त्याचं नावच 'प्रायोगिक मानसशास्त्र' असं ठेवलं. त्याचे प्रमुख व्ही. के. कोठुरकर. त्यांनी श्यामला वनारसे यांच्याबरोबर लिहिलेलं प्रायोगिक मानसशास्त्राचं पाठ्यपुस्तक अनेकांनी वापरलं. वनारसे पुढे चित्रपट-आस्वादाच्या अध्यापनासाठीही ओळखल्या गेल्या, आणि मला त्यात अजिबात विसंगती वाटत नाही. पडद्यावर कुठे बघायचं हे प्रेक्षकाला न सांगता बघायला लावणं, हे अवधानाचंच उपयोजन आहे. नागपूर विद्यापीठ १९२३चं. इथल्या बहुतेक विद्यार्थ्यांची दृक्‌संवेदनाशी पहिली गाठ पडते ती याच फळीवर.

भारतात या आकृतीची गाठ एका वेगळ्याच ठिकाणी पडली होती, आणि तीही कलकत्त्याच्या विभागाआधी. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे केंब्रिजचे वैद्य आणि मानसशास्त्रज्ञ १९०१-०२ मध्ये निलगिरीत तोडा लोकांमध्ये जाऊन राहिले. त्याआधी, १८९८ मध्ये, टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या मोहिमेत त्यांनी अशाच चाचण्या घेतल्या होत्या. अपेक्षा अशी, की 'रानटी' म्हटले जाणारे लोक युरोपीय माणसापेक्षा जास्त फसतील. झालं उलटं. तोडा या आकृतीला इंग्रजांपेक्षा कमी फसले. रिव्हर्सनी ते प्रामाणिकपणे छापलं. त्या काळाच्या मानानं ही लहान गोष्ट नव्हती.

साठ वर्षांनी मार्शल सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या निरीक्षणाला एक आकर्षक स्पष्टीकरण दिलं. सुतारकामाच्या जगात, म्हणजे काटकोनी खोल्या, चौकटी, टेबलं यांच्यात वाढलेला डोळा कोपरे वाचायला शिकतो. आत वळलेले कोन म्हणजे जवळची कड, बाहेर फाकलेले कोन म्हणजे खोलीचा दूरचा कोपरा. दूरची वस्तू डोळ्यात तेवढीच दिसत असेल, तर ती खरं म्हणजे मोठी असली पाहिजे, असा हिशेब मेंदू आपोआप करतो. गोल झोपड्यांत आणि मोकळ्या माळावर वाढलेल्यांना ही सवय नसते. १९६६ मध्ये आलेलं त्यांचं पुस्तक आफ्रिका, फिलिपिन्स आणि अमेरिकेतल्या अनेक समाजांची मोजमापं मांडतं, आणि कितीतरी वर्षं वर्गावर्गांतून हेच उत्तर शिकवलं गेलं. मीही शिकवलं. फार देखणं उत्तर आहे ते.

त्याला सुरुंग लागला तो भारतातच. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतले पवन सिन्हा यांनी 'प्रोजेक्ट प्रकाश' सुरू केला. उत्तर भारतातल्या, जन्मापासून मोतीबिंदूमुळे न दिसणाऱ्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया करायच्या आणि दृष्टी कशी उमलते याचाही अभ्यास करायचा, अशी त्याची दुहेरी मांडणी आहे. २०१५ मध्ये या गटानं नऊ मुलांचा अहवाल दिला. वयं आठ ते सोळा. आयुष्यात पहिल्यांदा नीट दिसू लागलेल्या या मुलांसमोर लगेचच म्यूलर-लायरची आकृती ठेवली, शिवाय आगगाडीच्या रुळांसारख्या रेषांचा पॉन्झो भ्रमही ठेवला. मुलं फसली. ज्यांनी एकही काटकोनी कोपरा कधी पाहिलेला नव्हता, ती दोन्ही आकृत्यांना फसली. मग सुतारकामाच्या जगाचं काय करायचं? २०२५ मध्ये डोर्सा अमीर आणि चॅझ फायरस्टोन यांनी जुन्या-नव्या पुराव्याची झाडाझडती घेऊन असं मांडलं, की हा भ्रम संस्कृतीतून येतो हा दावाच डळमळीत आहे. प्राण्यांपासून या मुलांपर्यंत सगळा पुरावा त्याच्या उलट बोलतो. तोडांचे आकडे तरी कमी का आले, याचा वाद संपलेला नाही. पण एवढं नक्की, की बाण-पिसांची ही फसगत शिकवणीच्या फार खालच्या थरातून येते. म्हणून तर ती शिकवणीनं जात नाही.

नागपूरकराला भ्रम म्हटलं की मृगजळ आठवतं, आणि तिथे थोडी साफसफाई करावी लागते. २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तशा दुपारी वर्धा रोडच्या डांबरावर जे पाणी चमकतं, त्यात मनाचा दोष काहीच नसतो. रस्त्यालगतची तापलेली हवा विरळ होते, प्रकाश वाकतो आणि आकाशाचा तुकडा जमिनीवर दिसतो. कॅमेऱ्यालाही तो दिसतो. कोजागिरीला फुटाळ्याच्या काठावरून उगवताना दिसणारा अवाढव्य चंद्र मात्र कॅमेऱ्यात सापडत नाही. फोटो काढणाऱ्या प्रत्येकाची निराशा होते. चंद्र डोक्यावर असो की क्षितिजावर, डोळ्याशी साधारण अर्ध्या अंशाचाच कोन करतो. लॉइड कॉफमन आणि अर्विन रॉक यांनी १९६२ मध्ये दाखवलं, की चंद्र मोठा करते ती मधली जमीन, झाडं, घरं. वर्तमानपत्राची बारीक गुंडाळी करून तिच्यातून फक्त चंद्र बघा, काठ आणि इमारती झाकून टाका. तो आक्रसतो. गुंडाळी काढा, पुन्हा फुगतो. इथेही माहितीचा काही उपयोग होत नाही, गुंडाळीचा होतो.

रंगाची तऱ्हा निराळी. कळमना बाजारात आंबिया बहराची संत्री येतात तेव्हा सुरुवातीच्या मालाच्या सालीवर हिरवट झाक असते. सालीचा रंग थंड रात्रींनी चढतो, गोडी त्यासाठी थांबत नाही. गिऱ्हाईक मात्र रंगच बघतं. पण रंग पाहणं म्हणजे सालीवरून आलेला प्रकाश मोजणं नव्हे. सकाळचं ऊन, पिवळी ताडपत्री, संध्याकाळचा पांढरा दिवा, यांत सालीवरून डोळ्यात येणारा प्रकाश प्रचंड बदलतो, तरी संत्रं संत्र्याच्याच रंगाचं राहतं. मेंदू उजेडाचा अंदाज बांधून तो वजा करतो. हा अंदाज माणसागणिक वेगळा पडला की काय होतं, हे फेब्रुवारी २०१५ मध्ये एका झग्याच्या छायाचित्रानं जगाला दाखवलं: निम्म्या घराला निळा-काळा, निम्म्याला पांढरा-सोनेरी. झगा निळा-काळा होता. आणि नारिंगी जाळीच्या पिशवीत भरलेली फिकट संत्री अधिक पिकलेली का वाटतात? जाळीचे बारीक धागे आपला रंग शेजारच्या सालीत मिसळवतात. विल्हेल्म फॉन बेत्सोल्ट या हवामानशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात हा परिणाम नोंदवला, गालिच्यांच्या नक्षीवर. दुकानदाराला बेत्सोल्ट माहीत नसतो, जाळी कुठली घ्यायची हे माहीत असतं.

डोळ्यांचं आरोग्य आणि पाहणं यांत गल्लत होऊ नये म्हणून एक उल्लेख. नागपूरच्या सूरज नेत्रसंस्थेचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे योस्ट योनास यांनी २००६ ते २००८ या काळात शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या आठ गावांत मोठा अभ्यास केला. तिशीपुढच्या ५,८८५ जणांपैकी ४,७११ जण तपासणीला आले. खेड्यापाड्यांत अशी उपस्थिती मिळवणं सोपं नसतं. काचबिंदू, चष्म्याचा नंबर, दृष्टिमांद्य यांची जी चित्रं त्यातून मिळाली, ती मोलाची आहेत. पण नेत्रतज्ज्ञाचा तक्ता अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूसही समोरून आलेली मोटारसायकल 'दिसलीच नाही' असं शपथेवर सांगू शकतो. आणि तो खोटं बोलत नसतो.

तिथून अवधानाचा प्रदेश सुरू होतो.

वर्गात याची सुरुवात मी जॉन रिडली स्ट्रूपच्या १९३५च्या प्रयोगानं करतो, मराठीत. हिरव्या शाईत 'लाल' लिहायचं, निळ्या शाईत 'पिवळा', आणि शाईचा रंग मोठ्यानं सांगायला लावायचा. चांगले बोलके विद्यार्थी अडखळतात. वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की ते थांबवता येत नाही. आपल्या लिपीत आणखी एक गंमत लपलेली आहे. पहिली वेलांटी लिहितो आधी, उच्चारतो नंतर. 'दिवस' मध्ये डोळ्याला वेलांटी द-च्या आधी भेटते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर दाखवलं, की अशा शब्दांना वाचायला किंचित जास्त वेळ लागतो. आयुष्यभर देवनागरी वाचूनही तो मिलिसेकंदांचा दंड भरावाच लागतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एस. पी. अरुण यांच्या गटानं तेलुगू आणि मल्याळम वाचणाऱ्यांची तुलना करून २०१९ मध्ये असं मांडलं, की जी लिपी वाचता येते तिची शेजारशेजारची अक्षरं नजरेत एकमेकांत कमी मिसळतात. म्हणजे साक्षरता हे डोळ्यातलंही काम आहे.

मग गोरिला. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी १९९९ मध्ये पांढऱ्या आणि काळ्या शर्टांतल्या खेळाडूंची चित्रफीत दाखवली आणि पांढऱ्यांचे चेंडूचे पास मोजायला सांगितले. मधूनच गोरिलाचा वेष घेतलेली व्यक्ती येते, छाती बडवते, निघून जाते. निम्म्याच्या आसपास लोकांना ती दिसली नाही. आज यूट्यूबमुळे हा प्रयोग वर्गात मेला आहे. चित्रफीत सुरू होण्याआधीच मागच्या बाकावरून 'गोरिला' ऐकू येतं. सायमन्सनाही हीच अडचण आली आणि त्यांनी ती वापरून घेतली. २०१०च्या नव्या चित्रफितीत गोरिला आहेच, पण त्याच वेळी मागच्या पडद्याचा रंग बदलतो आणि एक खेळाडू निघून जाते. गोरिलाची वाट पाहणाऱ्यांना गोरिला दिसतो. बाकीचं निसटतं. गोरिला माहीत असल्यानं अनपेक्षित गोष्टी टिपायला त्यांना काही फायदा झाला नाही. फळीवरची कथाच इथे पुन्हा घडते.

तज्ज्ञांचं काय? ट्रॅफ्टन ड्रू आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये चोवीस क्ष-किरणतज्ज्ञांना फुप्फुसांच्या स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घातलं होतं, सरासरी गाठीच्या अठ्ठेचाळीस पट मोठं. वीस जणांना ते दिसलं नाही. त्यांतल्या बहुतेकांची नजर ठीक त्याच जागेवरून गेली होती, हे नजरमापक यंत्रानं नोंदवलं.

शोधाबद्दल आणखी एक गोष्ट आहे, आणि ती पेंच किंवा ताडोब्याच्या गाइडला कुणी शिकवावी लागत नाही. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं, की शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असेल तर सुमारे सात टक्के वेळा ती हुकते. तीच वस्तू शंभरांतल्या एकाच चित्रात असेल तर सुमारे तीस टक्के वेळा हुकते. वस्तू तीच, डोळे तेच. विरळ गोष्ट शोधताना मन फार लवकर 'नाही' म्हणून मोकळं होतं. वाघ विरळच असतो. म्हणून मुरलेला गाइड सगळं जंगल डोळ्यांनी पिंजत बसत नाही. तो वानराचा, चितळाचा कॉल ऐकतो, मग त्या एका दिशेला थांबतो आणि तिथे वाघ असण्याची शक्यता वाढवून घेतो. पर्यटक मात्र जिप्सीत उभा राहून सगळीकडे बघतो. शिवाय वाघाचा रंग आपल्याला भडक नारिंगी दिसतो तसा चितळाला दिसत नाही; हरणांच्या डोळ्यांत लाल-हिरव्यातला भेद करणारी सोय नाही. ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये संगणकी प्रतिकृतीतून दाखवलं, की तशा डोळ्याला तो नारिंगी पाचोळ्याच्या हिरव्या-तपकिरीत विरून जातो.

आता शहरात येऊ, कारण इथे हुकण्याची किंमत जास्त आहे.

नागपूरचा रस्ता दुचाकीचा आहे. चौकात उजवीकडे वळणाऱ्याला समोरून येणाऱ्या गाडीला किती वेळ लागेल हे ठरवायचं असतं. मेंदू हा हिशेब अंतर आणि वेग वेगवेगळे काढून करत नाही. डोळ्यातली प्रतिमा किती झपाट्यानं मोठी होते, यावर तो मोठ्या प्रमाणात विसंबतो. समोरून अडीच मीटर रुंद बस आणि सत्तर सेंटिमीटर रुंद मोटारसायकल, दोन्ही ताशी चाळीसच्या वेगानं येत आहेत असं धरा. पन्नास मीटरवर बसची प्रतिमा सुमारे २.९ अंशांची, चाळीस मीटरवर ३.६ अंशांची. वाढ ०.७ अंशांची, डोळ्याला सहज जाणवणारी. तेवढ्याच अंतरात दुचाकी ०.८ वरून एका अंशावर जाते. वाढ फक्त ०.२, चंद्राच्या बिंबाच्या निम्म्याहून कमी. मधला वेळ एका सेकंदाहून थोडा कमी. परिणाम असा, की बसचं येणं अंगावर आल्यासारखं वाटतं आणि दुचाकी जागेवरच उभी असल्यासारखी. मार्क हॉर्सविल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे मोजलं: मोटारसायकल पोचायला मोटारीपेक्षा जास्त वेळ घेईल, असा अंदाज लोक सातत्यानं करतात. यात बेफिकिरीचा प्रश्न येत नाही. ही म्यूलर-लायरची फळीच आहे, फक्त तिची सरकती पट्टी माणसाला घेऊन येते.

फरक एकच, आणि तो भयंकर आहे. फळी उलटून चूक वाचता येते. चौकात फळी उलटत नाही. दुचाकीवाल्यानं करकचून ब्रेक लावला आणि वाचला, तर वळणाऱ्याला आपण चुकलो हे कळतही नाही. उलट हॉर्नचा राग येतो. जडच्या प्रयुक्ताला सरावानं जे मिळालं, ते इथे मिळायला मार्गच नाही. वीस वर्षांचा अनुभव म्हणजे पुष्कळदा कुणीही न दाखवलेल्या वीस वर्षांच्या चुका.

त्यात कानाला फोन. डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये दाखवलं, की फोनवर बोलणाऱ्यांचं सिग्नल हुकवण्याचं प्रमाण दुप्पट होतं, आणि फोन हातात धरला की कानात घातला यानं काही फरक पडत नाही. हात मोकळे असून भागत नाही, मन मोकळं लागतं. इरा हायमन यांच्या २०१०च्या अभ्यासात तर विद्यापीठाच्या आवारात एकचाकी सायकलवरचा विदूषक शेजारून गेला, आणि फोनवर बोलत चालणाऱ्यांपैकी चौघांतल्या एकालाच तो दिसला. हेल्मेटमध्ये फोन खुपसून सीताबर्डीतून जाणाऱ्याला तर विदूषकापेक्षा बरंच काही टिपायचं असतं.

'वाहन चालवताना लक्ष द्या' हा फलक मला म्हणूनच निरुपयोगी वाटतो. तो वाचून संपतो तिथेच त्याचं काम संपतं. ज्याचं लक्ष नाही त्याला तो दिसत नाही, ज्याचं आहे त्याला त्याची गरज नाही. या दृष्टीनं सप्टेंबर २०२१ मध्ये नागपुरात सुरू झालेला 'आयरास्ते' प्रकल्प मला अधिक समंजस वाटला. इंटेल, हैदराबादची आयआयआयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्र आणि नागपूर महानगरपालिका असे भागीदार होते. पालिकेच्या बसमध्ये पुढचा रस्ता पाहणारे कॅमेरे बसवले. टक्कर संभवते असं दिसलं की चालकाला इशारा मिळतो. मला त्याहून महत्त्वाचा वाटला तो दुसरा भाग. हे इशारे शहरात कुठे कुठे वारंवार वाजतात, याच्या नोंदींवरून अजून अपघात न झालेल्या पण होऊ घातलेल्या जागा शोधायच्या. त्यांना त्यांनी 'ग्रे स्पॉट' म्हटलं. थोडक्यात, शहराची फळी उलटून बघायची.

इशाऱ्यांबाबत मात्र मानसशास्त्रज्ञ म्हणून मला धास्ती आहे, आणि तिला जुना आधार आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या रडारवाल्यांच्या अडचणीतून निघालेल्या अभ्यासात नॉर्मन मॅकवर्थ यांनी एक काटा तासन्‌तास पाहायला लावला. तो क्वचित दुप्पट उडी मारायचा, तेवढीच टिपायची. पहिल्या अर्ध्या तासातच टिपणाऱ्यांची धार गेली. यंत्र कंटाळत नाही हा त्याचा मोठा गुण. पण यंत्रालाही उंबरठा ठरवावा लागतो. तो खाली आणला, तर एकही धोका हुकत नाही आणि खोट्या हाका वाढतात. वर नेला, तर हाका कमी आणि हुकणं जास्त. दोन्ही एकाच वेळी कमी करायचं, तर यंत्राची नजरच सुधारावी लागते. दुसरी पळवाट नाही. जिथे ऑटो, सायकल, गाय आणि बस वीतभर अंतरानं रोज सुखरूप एकमेकांना ओलांडतात, तिथे परक्या रस्त्यांच्या हिशेबानं बांधलेला उंबरठा दिवसभर ओरडत राहणार. आणि सतत ओरडणारा इशारा तिसऱ्या दिवशी ऐकू येईनासा होतो. हैदराबादच्या आयआयआयटीनं भारतीय रस्त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह केला आणि त्यात ऑटोरिक्षा, जनावरं हे वर्ग स्वतंत्र धरले, ते याच कारणानं शहाणपणाचं होतं.

उपाय कधी कधी फार स्वस्त असतो. १ एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही सुरूच राहतो. त्यानं दुचाकी आहे, हे कळतं. पण किती वेगानं येते आहे, ते कळत नाही. विशेषतः रात्री, कारण एकट्या दिव्याची प्रतिमा वाढताना दिसतच नाही. २०१२ मध्ये मार्क गूल्ड, जॉन वान आणि सहकाऱ्यांनी मोटारसायकलच्या पुढच्या बाजूला तीन दिवे त्रिकोणात बसवून पाहिले. दिव्यांमधलं अंतर वाढत जाताना डोळ्याला दिसतं, आणि अंधारातही वेगाचे अंदाज सुधारले. चालकाला काही शिकवावं लागलं नाही, घोषवाक्य लिहावं लागलं नाही.

अलीकडे प्रात्यक्षिकाच्या तासाला मी फळीच्या जोडीनं चौकाची चित्रफीत लावतो. उंचावरून नव्हे, वळणाऱ्या चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेली. मधेच पडदा काळा होतो आणि विद्यार्थ्यानं कळ दाबून सांगायचं, समोरची गाडी आता पोचली. बसची वेगळी नोंद, दुचाकीची वेगळी. यंदाच्या मुलांनी आपणहून तिसरा रकाना आखला आहे: दोन्ही आरशांवर एकेक लहान दिवा लावलेली दुचाकी. दिव्यांमधलं अंतर किती ठेवायचं यावर त्यांचं अजून एकमत झालेलं नाही.